देवदत्ताची साखर

ज्या माणसाला आज काहीही झालेलं नाही, त्याच्या शरीराला त्याच्याच एका प्रथिनावर तुटून पडायला शिकवावं का? आणि शिकवलेलं परत काढून घेता येत नसेल, तर संमतिपत्रकावरची त्याची सही नेमकी कशाला असते?

मी पुण्यात तत्त्वज्ञान शिकवतो आणि एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर बिगर-वैद्यकीय सदस्य म्हणून बसतो. तिथे माझं मुख्य काम म्हणजे संमतिपत्रकाचं मराठी सामान्य माणसाला कळेल असं आहे की नाही, ते बघणं. वरच्या प्रश्नाचा प्रस्ताव आमच्यापुढे आलेला नाही. पण अमेरिकेत पिट्सबर्गच्या ऑलिव्हेरा फिन यांनी कॅन्सर टाळण्यासाठी अशी लस माणसांना देऊन पाहिली आहे. ते वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून आत्याला गाठलं. आत्याचा उभा जन्म मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवण्यात गेला. तिच्याशी वाद घालायचा तर धीर लागतो, कारण आधी ती पदार्थ दाखवते आणि मत फार उशिरा देते.

“लस कशाविरुद्ध आहे, ते सांग,” ती म्हणाली.

“म्युसिनविरुद्ध. एमयूसी-वन.”

“आणि म्युसिन म्हणजे?”

“आतड्यातला तो बुळबुळीत पदार्थ. आपण आव म्हणतो तो.”

“आव पडायला लागली की सगळे सांगत येतात. आत असते तोवर कुणी तिची चौकशी करत नाही. आणि तुझं एमयूसी-वन हे तिच्यातलं मुख्य प्रथिन नव्हेच. आव बनते ती एमयूसी-टूची. आतड्याच्या अस्तरात गॉब्लेट पेशी असतात, त्या ते तयार करतात. पाच हजारांहून जास्त अमिनो आम्लांची एकेक साखळी. तिच्यात लांबच लांब पट्टे असे की थ्रिओनिन, प्रोलिन, थ्रिओनिन, सेरिन, पुन्हा थ्रिओनिन. वाचणाऱ्याला झोप यावी. पण थ्रिओनिन आणि सेरिन या खुंट्या आहेत, त्यांच्यावर साखर लटकवता येते, आणि पेशी ती लटकवते. इतकी, की तयार मालाच्या वजनात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच. बाटल्या धुवायचा ब्रश डोळ्यांपुढे आण. मधली तार प्रथिनाची, केस सगळे साखरेचे.”

“म्हणजे नाव प्रथिनाचं आणि माल साखरेचा.”

“म्हणून तर ते पाणी धरून ठेवतं. आधी दोन साखळ्या शेपटीशी जोडल्या जातात, मग अशा जोड्या डोक्याकडून एकमेकींत गुंततात आणि जाळं तयार होतं. पेशीच्या आत हे जाळं कॅल्शियम आणि आम्लाच्या जोरावर घडी करून ठेवलेलं असतं. बाहेर पडताना बायकार्बोनेट त्यातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि घडी उलगडून शेकडो पटींनी फुगते. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या बाळांत हे बायकार्बोनेटच पुरेसं सुटत नाही. आव चिकट, घट्ट राहते आणि काहींचं तर जन्मल्या जन्मल्या आतडं तुंबतं.”

“आणि एमयूसी-वन?”

“त्याच घराण्यातलं, पण सुटून बाहेर न पडणारं. पेशीच्या आवरणात मूळ रोवून उभं राहतं आणि पेशीच्या माथ्यावर साखरेचं दाट रान माजवतं. त्याच्यात 20 अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तुझी लस त्या तुकड्याची असणार.”

लस खरोखरच त्याची होती. 20 चे पाच तुकडे सलग, म्हणजे 100 अमिनो आम्लांचं प्रथिन, आणि त्यावर साखरेचा एक कणही नाही. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

“या आवेचं काम काय, ते तरी माहीत आहे ना?” आत्याने विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुढे निघाली. “आमच्या पुस्तकांत ते वंगण म्हणून यायचं. कारण थर आम्हाला दिसायचाच नाही. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर काप काढायचे, अल्शियन ब्लू लावायचं. गॉब्लेट पेशींची निळी पोटं सुरेख दिसायची, आणि त्यांच्यावर, आव जिथे असायला हवी तिथे, पांढरी मोकळी जागा. फॉर्मॅलिनमध्ये पाणी असतं, त्यात तो थर टिकत नाही. 2008 साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला मालिन योहान्सन आणि गुन्नार हॅन्सन यांच्या गटाने उंदराचं आतडं कार्नॉयच्या द्रावणात टाकलं. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म, ॲसेटिक आम्ल. पाणी नाही. आणि थर जागच्या जागी दिसला. एक नव्हे, दोन. बाहेरचा सैल, जंतूंनी गजबजलेला. आतला घट्ट, पेशींना धरून बसलेला, आणि त्यात जंतू नाहीत. ज्या उंदरांत एमयूसी-टूचं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्यात जंतू थेट अस्तराला भिडले होते. असे उंदीर आपोआप कोलायटिसने, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेने, आजारी पडतात, पुढे त्यांना कॅन्सरही होतो.”

“मग ही भिंतच झाली,” मी म्हणालो. “आणि ती आहे म्हणून शांतता आहे. पण आत्या, याला सहिष्णुता कशी म्हणायची? ज्याचं तोंडच पाहिलं नाही त्याच्याशी भांडलो नाही, यात कसला मोठेपणा?”

“तोंड पाहतात रे. लहान आतड्यात आवेचा थर एकच असतो आणि तो सैल असतो. तिथल्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी, आव उचलून घेतात. 2013 साली न्यूयॉर्कमध्ये आंद्रेआ चेरुत्ती यांच्या गटाने दाखवलं की एमयूसी-टूच्या साखरा या पेशींवरच्या तीन प्रथिनांच्या टोळीला धरतात. गॅलेक्टिन-3, डेक्टिन-1 आणि अँटिबॉडीची शेपटी ओळखणारा एक ग्राही. त्यातून पेशीच्या आत निरोप जातो की आग लावू नका. म्हणजे अन्नाचा किंवा जंतूचा कण आवेत माखून आला, की त्याच्याकडे सौम्य नजरेने बघितलं जातं. ही भिंत बोलते.”

मी गप्प बसलो. माझ्या विषयात या दोन शांततांचा झगडा जुना आहे. एक शांतता गाठ न पडल्यामुळे टिकते, दुसरी गाठ पडूनही. राजकारणाच्या पुस्तकांत यातली एकच निवडावी लागते. इथे एका लांब नळीत दोन्ही एकाच प्रथिनाने सांभाळल्या होत्या, आणि कुठे कोणती हे जागेवर ठरत होतं. पण मला त्या वाटेला जायचं नव्हतं. माझा प्रश्न लशीचा होता.

आत्याने लॅपटॉप उघडून एक जुना फोटो काढला. मोठ्या आतड्याचा काप, खूप मोठा करून. निळसर केंद्रकांची रांग, आणि प्रत्येक गॉब्लेट पेशीत केंद्रकाच्या भोवती तपकिरी रंगाची एक कड. तिच्या वर पेशीचं फुगलेलं पोट, रंगहीन.

“एमयूसी-टूच्या त्या रटाळ पट्ट्याविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी आहे ही,” ती म्हणाली. “जिथे ती चिकटली तिथे तपकिरी. आता सांग, या पेशीत एमयूसी-टू कुठे आहे?”

“खाली. त्या तपकिरी कडेत.”

“आणि वरच्या पोटात?”

“तिथे रंगच नाही. नसावं.”

“तिथे ठासून भरलेलं आहे. जवळजवळ सगळं तिथेच आहे. खालच्या कडेत आहे ते नुकतं विणलेलं, उघडं. साखर चढायच्या आधीचं. वर गेलं की साखर चढते, पट्टा पूर्ण झाकला जातो, आणि अँटिबॉडीला तिथे काही ओळखीचं उरत नाही. नवीन मुलं मला रिपोर्ट दाखवायची की पेशी भरलेली दिसते, पण एमयूसी-टू निगेटिव्ह. मी म्हणायचे, अरे, तुझ्या अँटिबॉडीला फक्त कच्चं कळतं.”

इथे मला राहवलं नाही. आमच्या वेदान्तात एक ठरलेला देवदत्त आहे. त्याला कधीतरी दुसऱ्या गावी पाहिलेलं असतं, आज तो इथे समोर उभा असतो, आणि आपण म्हणतो, तोच हा देवदत्त. तेव्हाचा काळ आणि आताचा, तिथली जागा आणि इथली, हे सगळं एकमेकांशी जुळत नाही. म्हणून जे जुळत नाही ते सोडून द्यायचं, आणि जे उरतं तो देवदत्त. उपाधी टाकल्या की ओळख पटते. आत्याला हे सांगितलं.

“मग तुझ्या देवदत्ताचं इथे काही चालणार नाही,” ती म्हणाली. “प्रतिकारशक्तीला उपाधीच तेवढ्या ठाऊक. रक्तातून हिंडणाऱ्या पेशीला एमयूसी-टूची मधली तार आयुष्यात दिसत नाही. दिसते ती साखर. साखर उतरवलीस आणि म्हणालास की आता खरा देवदत्त बघ, तर ती म्हणेल, हा कोण उपटसुंभ?”

“म्हणजे स्वत्व साखरेत आहे?”

“असंही पटकन म्हणू नकोस. साखर सगळ्यांची सारखी नसते.” मग ती मुंबईच्या रक्तगटावर आली. येणारच होती, तिच्या पिढीच्या मुंबईकर पॅथॉलॉजिस्टला त्याचा अभिमान असतोच. “1952 साली भेंडे, देशपांडे, भाटिया यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं. बॉम्बे गट. त्या लेखात लंडनचे मॉर्गन आणि वॉटकिन्सही आहेत. ते दोघं रक्तगटाची रसायनं कशातून काढायचे, माहीत आहे? रक्तातून नाही. अंडाशयाच्या गाठीतल्या पाण्यातून. म्हणजे म्युसिनमधून. रक्तगट हा रक्तापेक्षा आवेतच जास्त सापडतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या आतड्यातल्या साखरेच्या टोकाला एच नावाची खूण असते. त्यावर पुढे ए किंवा बी चढतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ती खूण लाल पेशींवर नसते आणि आवेतही नसते. दोन जनुकं लागतात, एक रक्तासाठी, एक लाळ आणि आवेसाठी. त्याची दोन्ही निकामी.”

“आणि त्याला काही त्रास?”

“ठणठणीत असतो. फक्त त्याच्या रक्तात एचविरुद्ध अँटिबॉडी असतात. ओ गटाचं रक्तसुद्धा त्याला चालत नाही. जी साखर तुझ्या शरीराला ‘घरची’ वाटते, ती त्याच्या शरीराला परकी. प्रथिन दोघांचं एकच. युरोपात पाचातल्या साधारण एका माणसाच्या आवेत एच नसतो, रक्तात असतो. त्यांना नोरोव्हायरसचे नेहमीचे प्रकार सहसा लागत नाहीत, कारण व्हायरसला धरायला ती साखरच सापडत नाही. उलट क्रोनचा आजार त्यांच्यात थोडा जास्त. आता यात कुणाची आव खरी?”

मी म्हणालो, “तू मला माझ्याच बाजूला ढकलते आहेस. स्वत्व प्रथिनात नाही, अमुक एका साखरेतही नाही, तर मग शरीराने स्वतःशी आयुष्यभरात जो मेळ घातलेला असतो, त्यालाच स्वत्व म्हणायचं. आणि ही लस त्या मेळात बाहेरून हात घालते. माणूस सही करतो. पण ज्या पेशींना आपण नवं वैर शिकवतो, त्या काही सही करत नाहीत.”

“पेशी कधी सही करतात? गोवराच्या लशीला केली होती?”

“गोवर म्हणजे मी नव्हे.”

“आणि आतड्यातल्या गाठीवरचं, पॉलिपवरचं, अर्धवट म्युसिन म्हणजे तू?”

हा प्रश्न मी टाळत होतो. साखरेची साखळी एकेक कडी जोडत वाढते. पहिली कडी सेरिन किंवा थ्रिओनिनवर बसते, मग दुसरं विकर येऊन पुढची कडी लावतं. त्या दुसऱ्या विकराला घडण्यासाठी कॉस्मसी नावाच्या एका मदतनीस प्रथिनाची गरज असते. ते बिघडलं की काम पहिल्या कडीवरच थांबतं. त्या एकट्या, उघड्या कडीला टीएन म्हणतात. कॅन्सरच्या पेशींवरच्या म्युसिनवर टीएन आणि त्याचे थोटे भाऊबंद भरपूर सापडतात, आणि साखर आखूड झाली की खालची प्रथिनाची तारही डोकावते. फिन यांची लस नेमकी त्या डोकावणाऱ्या तारेची ओळख करून देते. पूर्ण साखर चढलेल्या निरोगी पेशीवर ती तार झाकलेली असते, म्हणून ती सुरक्षित, असा हिशेब.

“हिशेब सुंदर आहे,” मी कबूल केलं. “पण अर्धवट साखर फक्त कॅन्सरमध्ये दिसते का? मी वाचलंय, गोथेनबर्गच्याच गटाने 2011 साली अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांची आव तपासली. आजार पेटलेला असताना एमयूसी-टूवरच्या साखरा आखूड होत्या. आजार शांत असलेल्या बहुतेकांत त्या निरोगी माणसांसारख्या होत्या. म्हणजे अर्धवट असणं हा गुन्हा नाही, कधी कधी ती अवस्था असते. आज जे अपुरं दिसतं ते उद्या पुरं होणार असेल, आणि आपण शरीराला शिकवून ठेवलं की अपुरं दिसलं रे दिसलं की मार, तर?”

“चांगला मुद्दा आहे. आता त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट ऐक. फिन यांच्याच गटाने मानवी एमयूसी-वन घातलेल्या उंदरांत, ज्यांना कोलायटिस होतोच अशा उंदरांत, अशीच लस देऊन पाहिली. तुझ्या तर्काने कोलायटिस भडकायला हवा होता. तो कमी झाला. कॅन्सरकडे जाणंही थांबलं.”

हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला उंदीर नेहमी गैरसोयीच्या वेळी भेटतात.

“आणखी एक,” आत्या म्हणाली. “तू म्हणतोस, शरीराला स्वतःविरुद्ध शिकवायचा आपल्याला काय अधिकार. शिकवणी कधीच सुरू झालेली आहे. जॉर्ज स्प्रिंगर नावाचे संशोधक होते अमेरिकेत. 1959 साली त्यांनी कोंबडीची पिलं जंतू नसलेल्या वातावरणात वाढवली. साध्या पिलांत बी रक्तगटाविरुद्धच्या अँटिबॉडी आपोआप येतात, या पिलांत त्या आल्या नाहीत. म्हणजे आतड्यातले जंतू अंगावर तशाच साखरा घेऊन हिंडतात, त्यांच्याकडे बघून शरीर शिकतं. पुढे त्यांनीच दाखवलं की टीएनविरुद्धच्या अँटिबॉडीही धडधाकट माणसांत असतात. तुझ्या आत आहेत, माझ्या आत आहेत. आपल्याच अर्धवट साखरेविरुद्ध. तान्हेपणी जंतूंनी शिकवल्या. तेव्हा कुठली समिती बसली होती?”

“जे आपोआप होतं ते मुद्दाम करायला मोकळीक आहे, असं त्यातून निघत नाही. माणसं आपोआप मरतातही.”

“निघत नाही. पण तुझा कोरा, कुणी हात न लावलेला मूळचा ‘मी’ मात्र त्यातून निकालात निघतो. त्याच्या पावित्र्यासाठी तू लस अडवत असशील, तर तो तिथे नाहीच.”

या ठिकाणी मी हरलो असं वाचकाला वाटेल. मला तसं वाटत नाही. मूळचा कोरा ‘मी’ नसला, तरी आत्तापर्यंत जमलेला एक समझोता असतो, आणि तो मोडणाऱ्यावर पुराव्याचं ओझं असतं. आपल्याकडची जुनी वाटणीपत्रं कोर्ट सहज उलटत नाही ते उगाच नाही.

मग आकड्यांवर आलो. ते थोडे आहेत, म्हणून नीट बघावे लागतात. फिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पहिली चाचणी 2013 साली छापून आली. मोठ्या आतड्यातला धोकादायक जातीचा पॉलिप काढलेली 40 ते 70 वयाची 39 माणसं. कॅन्सर कुणालाच नाही. त्यांतल्या 17 जणांत लशीने अँटिबॉडी उठल्या, वर्षभराने बूस्टर दिला तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत जुनी आठवण पुन्हा जागी झाली, आणि गंभीर त्रास कुणाला झाला नाही. दुसरी चाचणी 2023 साली आली. शंभराच्या आसपास माणसं, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसती लुटूपुटूची सुई. या वेळी लस मिळालेल्या चौघांतल्या एकातच प्रतिसाद उमटला. पॉलिप पुन्हा येण्याचं प्रमाण लसवाल्यांत थोडं कमी होतं, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान.

“पहिल्या चाचणीत ज्यांच्यात काहीच उठलं नाही,” मी म्हणालो, “त्यांच्या रक्तात प्रतिकार दाबून धरणाऱ्या पेशी आधीपासूनच जास्त होत्या. मला हे वाचून थांबावंसं वाटलं. जणू त्या शरीरांनी आधीच ठरवलं होतं, हे आपलंच आहे, असू दे.”

आत्या हसली नाही, चिडली. “शरीर काही ठरवत नसतं. तू ज्याला ‘असू दे’ म्हणतोस, त्याच पेशींच्या आडोशाने गाठी वाढतात. मी उभ्या जन्मात इतक्या गाठी कापल्या, एकीनेही मला सांगितलं नाही की शरीराची संमती आहे. तुम्ही लोक शरीराच्या गप्प बसण्याला शहाणपण समजता. माझा पॉलिप गेल्या वर्षी काढला, तो तीन वर्षं तरी आत गुपचूप होता. त्यावर एमयूसी-वन होतं की नाही ते मी मुद्दाम रंगवून बघितलं नाही. पण त्याच्याशी माझा समझोता झाला होता असं कुणी म्हटलं तर मी त्याला घराबाहेर काढीन.”

पॉलिप काढल्याचं मला माहीत होतं, पण तिने तो स्वतःहून वादात आणला नव्हता. आता आणला, आणि त्यामुळे बोलणं एकदम खाली, कागदावर आलं.

“पॉलिप काढला तेव्हा एक वस्तू गेली,” मी म्हणालो. “लस दिली की एक सवय लागते. यातला फरक मला सोडता येत नाही. प्रत्येक संमतिपत्रकात एक वाक्य असतं, ते मी किती वेळा मराठीत दुरुस्त केलं असेल. ‘आपण या चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकता.’ गोळीच्या चाचणीत ते खरं असतं. गोळी बंद केली की काही दिवसांत शरीरातून जाते. इथे माणूस दुसऱ्या डोसनंतर बाहेर पडला तर चाचणीतून पडेल. त्याच्या शरीरातली आठवण कुठे जाणार? माघारीचा हक्क हा संमतीचा कणा आहे, आणि या लशीपुढे तो नुसता छापील उरतो.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे गोवरालाही लागू आहे.”

“लागू आहे. पण गोवराची आठवण नकोशी झालेला माणूस मी पाहिलेला नाही. ही नकोशी होऊ शकते. समज, दहा वर्षांनी त्याला कोलायटिस झाला, आणि उंदरात झालं तसं माणसात झालं नाही.”

“समज, दहा वर्षांनी त्याला कॅन्सर झाला, आणि लस तू अडवली होतीस.”

“त्या माणसाचं नाव मला कधी कळणार नाही.”

“म्हणूनच तुला झोप लागेल,” ती म्हणाली. मला वाटतं, दिवसभरातलं तिचं हे सर्वांत कठोर वाक्य होतं, आणि त्याला उत्तर नाही. समितीत बसलेल्या माणसाला दिलेल्या परवानगीचे परिणाम दिसतात, नाकारलेल्या परवानगीचे दिसत नाहीत. माझा सगळा सावधपणा या एका आंधळ्या जागेवर उभा असू शकतो.

तिने टेबलावरचा कागद पुढे ओढला. “लिही. प्रस्ताव आला असं धर. माघारीचं कलम कसं लिहिशील?”

मी लिहिलं: ‘आपण या चाचणीतून केव्हाही बाहेर पडू शकता. मात्र लशीमुळे आपल्या शरीराला जी ओळख झालेली असेल, ती काढून टाकण्याचा उपाय आज उपलब्ध नाही.’

आत्याने वाचलं आणि खाली तिच्या तिरक्या अक्षरात भर घातली: ‘ही ओळख झाली नाही, तरीही आपल्याला धोका आहे तो आहेच, आणि त्यासाठी कोलोनोस्कोपी वेळेवर करून घ्यावी लागेल.’

“हे का?”

“कारण लस घेतली की माणूस निर्धास्त होतो आणि तपासणी चुकवतो. चौघांतल्या तिघांत तर लस लागलीच नव्हती. तुझ्या तत्त्वज्ञानापेक्षा या चुकलेल्या तपासणीने जास्त माणसं मरतील.”

“इतकं सगळं वाचल्यावर सही कोण करेल?”

“मी केली असती. पण सत्तरीच्या वर घेत नाहीत.”

“आणि कोलायटिस असलेल्यांना?” मी विचारलं. “मी तर त्यांना वगळा असंच म्हणेन. स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिकार पेटलेल्यांना अशा चाचण्यांत सहसा घेत नाहीतच.”

“म्हणशील. आणि समितीही मान डोलावेल. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका त्यांना इतरांहून जास्त असतो. उंदरात लस चालली ती त्यांच्याच आजारात. त्यांना प्रत्येक चाचणीतून वगळत गेलास, तर त्यांच्याबद्दल कळणार कुणाला, आणि कशातून?”

कुणाला वगळायचं, त्या कलमाची जागा आम्ही कागदावर रिकामी सोडली आहे. गेल्या आठवड्यात तिने फोन करून विचारलं, काही सुचलं का. मी म्हटलं, वगळायचंच, पण किती वर्षांसाठी, ते लिहू या. तिने विचारलं, किती? त्यावर आमचं अजून एकमत नाही.